ऑनलाइन स्थळ असो की डेटिंग ॲप, समोरचा फसवतोय हे चॅटवरूनच कसं ओळखायचं

मागच्या दिवाळीच्या आधी एका रात्री साडेअकराला माझ्या मावसबहिणीचा फोन आला, आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "तू आईला सांगणार नाहीस ना?" वय ४६, मुलुंडला एकटी राहते, ऑफिसात अकाउंट्स बघते, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेली बाई. एका साइटवर भेटलेल्या माणसाशी ती दोन महिने बोलत होती. तो म्हणे मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर, बायको वारलेली, एक मुलगी होस्टेलला. त्याने सिंगापूरहून तिच्यासाठी पार्सल पाठवलं, ते सहारच्या विमानतळाच्या कार्गोत अडकलं, 'कस्टम'मधून कुणा बाईचा फोन आला, ताईने आधी ३८,५०० भरले, नंतर पार्सलमध्ये डॉलर सापडलेत असं सांगितलं म्हणून नऊ दिवसांनी दुपारी १,१०,००० भरले, आणि त्याच रात्री तिसऱ्यांदा पैसे मागितले तेव्हा तिने मला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी मी तिचं सगळं चॅट पहिल्यापासून वाचलं. दोन गोष्टी पहिल्या आठवड्यापासून शेवटपर्यंत सारख्या दिसल्या, त्याला प्रत्येक बाबतीत घाई होती आणि त्याला सगळं गुपित ठेवायचं होतं. तो लिहायचा, आत्ताच कुणाला सांगू नकोस, लोक नजर लावतात, भेटू तेव्हा आपण दोघं मिळून सांगू. खाली जे काही सांगतेय ते सगळं या दोन गोष्टी मोडायसाठीच आहे, म्हणजे थांबून तपासायचं आणि कुणातरी एकाला सांगून ठेवायचं. त्यामुळे सुरुवात करायच्या आधीच एक माणूस ठरवा, भाऊ, मैत्रीण, ऑफिसमधली कलीग, कुणीही, आणि त्याला सांगा की मी या ॲपवर आहे, कुणाशी बोलायला लागले की तुला नाव आणि फोटो पाठवीन.

आधी स्वतःचं प्रोफाइल बघा

फसवणारा पहिल्यांदा तुमचं प्रोफाइल वाचतो. एकटी राहते, मुलं परदेशात, नुकतीच रिटायर झाले, फ्लॅट स्वतःचा, ही वाक्यं काढून टाका, ती नंतर प्रत्यक्ष भेटीत सांगता येतात. फोटोत मागे सोसायटीच्या नावाची पाटी, ऑफिसचं आयकार्ड, गाडीची नंबर प्लेट नको. शक्य असेल तर वेगळं सिम आणि वेगळा ईमेल वापरा, कारण बँकेला जोडलेला नंबर एकदा हातात गेला की त्यावरून यूपीआयवर तुमचं पूर्ण नाव निघतं.

इन्स्टाची फॉलोअर लिस्ट पण बंद करा, सगळ्यांना दिसत असेल तर. ते का, ते व्हिडिओ कॉलच्या भागात सांगते.

फोटो

प्रोफाइलचा स्क्रीनशॉट घ्या, फक्त चेहरा आणि आजूबाजूचा थोडा भाग राहील असा क्रॉप करा आणि गुगल लेन्समध्ये टाका. तिथे काही नाही आलं तर टिनआय आणि यांडेक्सवर टाका, चेहरे शोधायला यांडेक्स बऱ्याचदा बरं निघतं. चोरलेला फोटो कधीकधी आरशासारखा उलटा करून लावलेला असतो, म्हणून गॅलरीत फ्लिप करून पुन्हा एकदा शोधा. ताईच्या माणसाचे चार फोटो होते, तीन कुठेच सापडले नाहीत आणि चौथा एका परदेशी माणसाच्या सोशल मीडियावर वेगळ्याच नावाने निघाला, म्हणजे एकच फोटो शोधून थांबू नका.

काही सापडलं नाही म्हणजे माणूस खरा असं पण होत नाही. हल्ली एआयने बनवलेले चेहरे असतात, ते कुठेच सापडत नाहीत. अशा फोटोत चष्म्याच्या काड्या, कानातले, बोटं, मागच्या पाट्यांवरची अक्षरं नीट बघा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळे फोटो एकट्याचेच आहेत का ते बघा. खऱ्या माणसाच्या फोनमध्ये कुणाच्या तरी बारशाचा, ट्रेकचा, ऑफिसच्या पार्टीचा वेडावाकडा फोटो असतोच.

भाषा ऐका

हे आपल्याला मराठी लोकांना फार सोपं जातं आणि तरी आपण लक्ष देत नाही. "माझ्या प्रिय राणी, तू तुझे दुपारचे जेवण घेतले आहेस का" असं पुण्यामुंबईत वाढलेला कुठलाही माणूस लिहीत नाही, तो "जेवलीस का" लिहितो. स्वतःला मराठी मुलगी म्हणवणारी व्यक्ती "मी घरी पोचलो, आता झोपतो" लिहायला लागली तर सावध व्हा, भाषांतर करणाऱ्या ॲपला स्त्रीलिंग पुल्लिंग पटकन कळत नाही. पण एका चुकीवरून निकाल लावू नका, कोल्हापूरकडच्या मुली "मी आलो" म्हणतातच आणि त्या शंभर टक्के खऱ्या असतात. मुंबईतली कितीतरी चांगली माणसं मराठी बोलतच नाहीत, तोही दोष नाही. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा माणूस म्हणतो मी गिरगावात वाढलो आणि भाषा पुस्तकातून उचललेली निघते.

तसंच जागेबद्दल साधे प्रश्न विचारा. दादरला राहतो म्हणाला तर पूर्वेला की पश्चिमेला, स्टेशनपासून चालत की बसने, जवळ काय आहे. चेंबूरला राहतो आणि रोज फास्ट लोकलने सीएसएमटीला जातो म्हणाला तर थांबा, हार्बरवर फास्ट लोकल नाहीच. उलटतपासणीसारखं नको, आपण मुंबईकर भेटल्यावर हेच तर बोलतो, तू कुठे उतरतोस, किती गर्दी असते वगैरे. खरा माणूस या विषयावर दहा मिनिटं कुरकुर करेल, खोटा माणूस विषय बदलून तुमच्या डोळ्यांच्या कौतुकावर येईल.

आता चॅटबॉटमुळे भाषा सुधारली आहे, म्हणून त्याहून पक्की खूण म्हणजे आठवण. मोठ्या टोळ्यांमध्ये एकाच प्रोफाइलवरून पाळीपाळीने वेगवेगळी माणसं बोलतात. तुम्ही परवा सांगितलेलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन किंवा मांजर हरवलं होतं ते, आज सहज काढा. ज्याने दोन दिवसांपूर्वी "तुझ्या आईसाठी मी रात्रभर प्रार्थना केली" लिहिलं त्याला ऑपरेशन कशाचं ते आठवत नसेल तर पाणी मुरतंय.

आणि वेग बघा. चौथ्या दिवशी 'माझी बायको', आठव्या दिवशी एकत्र घराची स्वप्नं, सकाळी सहापासून रात्री एकपर्यंत मेसेज. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी "इथे मी फारसा येत नाही, व्हॉट्सॲपवर ये, टेलिग्रामवर ये". साइटवर कुणीतरी रिपोर्ट केला तर त्याचं प्रोफाइल जाऊ शकतं, म्हणून त्याला तुम्हाला तिथून बाहेर काढायचं असतं. निदान दोन तीन आठवडे साइटवरच बोला. "माझी पद्धत अशी आहे" एवढं सांगितलं तरी पुरतं, कारणं देत बसायची गरज नाही.

व्हिडिओ कॉल, पण या पद्धतीने

पहिल्या आठवड्यातच व्हिडिओ कॉल मागा, आणि तुम्ही ठरवलेल्या वेळेला, दिवसाउजेडी, ड्रॉइंग रूममध्ये बसून. तीन सेकंद चेहरा दिसून "नेटवर्क खराब आहे" म्हणून कट होणं याला कॉल झाला असं धरू नका, तो कुणाचातरी रेकॉर्ड केलेला व्हिडिओ असू शकतो. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर पण आलंय, म्हणून बोलता बोलता सांगा की केस मागे घे, चेहऱ्यासमोरून हात फिरव, मान पूर्ण बाजूला वळव, जवळची कुठली वस्तू उचलून दाखव. नकली चेहरा अशा वेळी कडेला फाटतो किंवा थरथरतो, नेहमीच असं नाही पण बऱ्याचदा.

उलटा धोका पण आहे, आणि तो मुलांना जास्त होतो. ओळख होऊन दोन दिवस झाले नाहीत तोवर रात्री अकराला समोरूनच व्हिडिओ कॉल येतो, मुलगी कपडे काढायला लागते आणि तुम्हालाही सांगते. तुमची स्क्रीन रेकॉर्ड होत असते. पाच मिनिटांत तो व्हिडिओ आणि तुमच्या इन्स्टावरच्या नातेवाईकांची यादी तुम्हालाच पाठवली जाते, म्हणून मघाशी लिस्ट बंद करा म्हटलं. मग पैसे, आणि एकदा दिले की परत. दुसऱ्या दिवशी 'सायबर क्राइममधून' किंवा 'सीबीआयमधून' कुणी साहेब फोन करतो की त्या मुलीने आत्महत्या केली, तुझं नाव चिठ्ठीत आहे. हा सगळा त्याच टोळीचा पुढचा अंक असतो. पोलीस फोनवर केस मिटवायचे पैसे घेत नाहीत आणि डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाही.

मुलामुलांच्या, म्हणजे गे डेटिंग ॲपवर याचा आणखी वाईट प्रकार होतो. भेटायला घरी बोलावतात, तिथे तीन चार जण असतात, व्हिडिओ काढतात आणि घरी सांगू, पोलिसात देऊ म्हणून खंडणी घेतात. ज्या मुलांवर हे आलंय त्यांना मला मुद्दाम सांगायचंय, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळलेत, तुम्ही गुन्हेगार नाही, खंडणी मागणारा गुन्हेगार आहे, तक्रार तुम्ही करू शकता. पहिली भेट कुणाच्याही घरी नको.

जो व्यवसाय सांगितला तो तपासा

हे कुणीच करत नाही आणि खरं तर घरबसल्या होतं.

मर्चंट नेव्ही म्हणाला तर जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा ओळख क्रमांक, विचारा, तो सात आकडी असतो, आणि मरीन ट्रॅफिकसारख्या साइटवर ते जहाज कुठे आहे ते दिसतं. भारतीय खलाशाकडे सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि इंडोस नंबर (खलाशांच्या सरकारी नोंदीतला नंबर) असतो, ही नोंद ठेवणाऱ्या डीजी शिपिंगचं ऑफिस आपल्या कांजूरमार्गलाच आहे. शिवाय ज्याच्याकडे दिवसभर मेसेज करायला नेट आहे त्याच्याकडे पाच मिनिटांच्या कॉलपुरतंच नेट नसतं, हे किती दिवस पटवून घ्यायचं. डॉक्टर असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर रजिस्टरमध्ये नाव शोधता येतं. कंपनीचा डायरेक्टर म्हणत असेल तर एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनी शोधा. परदेशी सैन्यातला डॉक्टर, तेलाच्या रिगवरचा इंजिनिअर, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतला अधिकारी, ही तिन्ही सोंगं इतकी जुनी आहेत की ऐकल्याबरोबर दुप्पट सावध व्हा.

फोन नंबर, यूपीआय आयडी, बँक अकाउंट हे सगळं राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर 'सस्पेक्ट सर्च'मध्ये टाकून बघता येतं की आधी त्यावर तक्रार आहे का. पोर्टलचा पत्ता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. तिथे काही नाही आलं म्हणजे नंबर स्वच्छ असं समजू नका, नंबर नवीन असू शकतो.

पैशाचा विषय कसकसा येतो

कस्टमवाला प्रकार ताईचा सांगितलाच. लक्षात ठेवायचं एवढंच की कस्टम ड्युटी कुणाच्या नावाच्या सेव्हिंग अकाउंटला भरायला कधीच सांगत नाहीत, आणि कस्टमच्या कागदावर डिन नंबर, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो जो सीबीआयसीच्या, म्हणजे कस्टमचं काम बघणाऱ्या केंद्रीय मंडळाच्या, साइटवर तपासता येतो. यूपीआयने पैसे पाठवायच्या आधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव दिसतं. ताईला ते नाव दिसलं होतं, कुठल्यातरी माणसाचं साधं नाव, कस्टमचं नव्हतं. ती म्हणाली मी बघितलं ग, पण तिकडे ती बाई फोनवर सारखी बोलत होती, मॅडम चार वाजता काउंटर बंद होईल, मॅडम केस होईल. घाई यासाठीच करतात. कुणी फोनवर असताना पैसे पाठवायचे नाहीत, फोन ठेवायचा, पाणी प्यायचं, ठरवलेल्या माणसाला विचारायचं, मग बघू.

आता जो प्रकार सगळ्यात जास्त बुडवतो त्यात समोरची व्यक्ती पैसे मागतच नाही. महिना दीड महिना प्रेमाने बोलते, सहज म्हणते की माझे काका ट्रेडिंग करतात, मी पण करते, कधीतरी नफ्याचा स्क्रीनशॉट पाठवते. तुम्ही विचारलंत की शिकवते. ॲप किंवा साइटची लिंक देते, पाच हजार टाका, दोन दिवसांत सहा हजार दोनशे दिसतात, आणि ते खरोखर तुमच्या बँकेत काढता येतात! इथेच माणूस फसतो, कारण पैसे निघाले म्हणजे खरं असं आपल्याला वाटतं. मग लाख, मग पाच लाख, मग पीएफ, मग बायकोचे दागिने. स्क्रीनवर ४० लाख दिसतात आणि काढायला गेलं की आधी टॅक्स भरा. तो ॲप त्यांनीच बनवलेला असतो, आकडे पण त्यांचेच.

ओळखायची खूण, प्रत्येक वेळी पैसे वेगळ्याच कुणाच्या तरी अकाउंटला पाठवायला लावतात. ब्रोकर असेल तर सेबीच्या साइटवर रजिस्ट्रेशन बघा, क्रिप्टोचं एक्स्चेंज असेल तर एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंद आहे का बघा, आणि साइटचा पत्ता हूइझमध्ये (साइटची नोंदणी दाखवणाऱ्या सेवेत) टाकून ती किती जुनी आहे बघा, दोन महिन्यांची साइट 'दहा वर्षांचा अनुभव' सांगत असेल तर बोलणंच संपलं.

हे चालवणाऱ्या मोठ्या वस्त्या म्यानमार, कंबोडियाकडे आहेत, आणि तिथे नोकरीच्या आमिषाने नेलेली आपली मुलंच डांबून बसवलेली असतात. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी म्यानमारच्या सीमेला लागून असलेल्या थायलंडच्या माए सोटहून दोन दिवसांत ५४९ भारतीयांना परत आणलं. म्हणजे तुमच्याशी गोड बोलणारी 'ती' कदाचित मार खाऊन टाइप करणारा कुणी पोरगा असतो. हे कळल्यावर मला दोन दिवस बरं वाटलं नव्हतं.

आणि वयाचा यात काही संबंध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबईतल्या एका ८० वर्षांच्या गृहस्थांची बातमी आली होती, चार वेगवेगळ्या बायकांच्या नावाने त्यांच्याशी बोलणं झालं, ७३४ वेळा पैसे गेले, एकूण जवळजवळ ९ कोटी. आजोबांच्या हातात फोन दिलाय तर त्यांना हे बोलायला माणूस पण द्या.

बाकीचे थोडक्यात. "माझे पैसे तुझ्या अकाउंटला येऊ दे, तू पुढे पाठव" म्हटलं तर अजिबात नाही, ते दुसऱ्या कुणाचे चोरलेले पैसे असतात, अकाउंट तुमचं गोठतं आणि जबाबही तुम्हीच देता. लग्नपत्रिका किंवा फोटोच्या नावाने एपीके फाइल (फोनवर ॲप टाकणारी फाइल) आली तर उघडू नका. स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावलं तर नाही. ओटीपी, व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड नाही. पैसे मिळवायला यूपीआय पिन लागत नाही.

भेटायला जाताना

मुंबईत मुलग्यांसाठी याचा वेगळाच सापळा आहे. मॅच झाल्यावर मुलगी त्याच दिवशी भेटायला तयार, जागा तीच सांगते, अंधेरी मालाडकडचा कुठलातरी क्लब किंवा कॅफे. आत अंधार, मेन्यूकार्डवर भाव नाहीत, ती हुक्का आणि महागडी दारू मागवते, तिला घरून फोन येतो, ती जाते आणि तुमच्यासमोर बिल येतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अंधेरीतल्या अशा एका क्लबची बिलं बाहेर आली तेव्हा ती २३ हजारांपासून ६१ हजारांपर्यंत होती.

जागा तुम्ही ठरवा, स्टेशनजवळची, तुम्ही आधी गेलेली, उजेडाची. तिने ऐनवेळी "इथे नको, बाजूला एक मस्त ठिकाण आहे" म्हटलं आणि तुम्ही नाही म्हटल्यावर ती रागावली तर रिक्षा पकडून घरी या. अडकलातच तर प्रत्येक पदार्थाचं, जीएसटी नंबर असलेलं बिल मागा आणि तिथूनच ११२ लावा. बाउन्सर अंगावर आले तर पैसे भरून बाहेर पडा, जीव महत्त्वाचा, पण बिल आणि चॅट ठेवा आणि सरळ पोलीस स्टेशनला जा. मुलींनी पण हेच, जागा स्वतःची, येणंजाणं स्वतःचं, ठरवलेल्या माणसाला लाइव्ह लोकेशन.

पैसे गेले असतील तर, आत्ता लगेच

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. सकाळ व्हायची वाट बघू नका, रविवार आहे म्हणून थांबू नका. रक्कम, तारीख, वेळ, तुमची बँक, समोरचं अकाउंट किंवा यूपीआय आयडी आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर, यूपीआयचा १२ आकडी असतो, हे हातात ठेवा. पैसे पुढच्या अकाउंटला निघून जायच्या आत अडवता येतात, आणि ते तासांवर असतं. त्याच वेळी आपल्या बँकेलाही कळवा. मग पोर्टलवर तक्रार आणि तिचा नंबर जपून ठेवा. जवळचं कुठलंही पोलीस स्टेशन हद्दीचं कारण न देता झिरो एफआयआर घेऊ शकतं, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, ते कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय. मुंबईत पाच विभागांची वेगळी सायबर पोलीस स्टेशन पण आहेत.

चॅट डिलीट करू नका, रागाच्या भरात ब्लॉक पण आधी नको. प्रोफाइलची लिंक, नंबर, सगळ्या चॅटचे तारखेसकट स्क्रीनशॉट आधी घ्या, मग ब्लॉक. नको ते फोटो पसरवायची धमकी असेल तर स्टॉपएनसीआयआय ही साइट आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी, तुमचा फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्म तो फोटो अडवतात. धमकीवाल्याला एक रुपया देऊ नका. आणि महिन्याभराने कुणी फोन करेल की तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, फी भरा. तीच माणसं असतात किंवा त्यांनी तुमचा नंबर विकलेला असतो.

ताईचं सांगते. पहिले ३८,५०० नऊ दिवसांपूर्वी गेलेले, ते गेलेच. दुपारचे १,१०,००० होते त्यासाठी आम्ही रात्री सव्वाबाराला १९३० लावला आणि त्यातले ६२,००० पुढच्या एका अकाउंटला अडले. अडलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, एफआयआरची कॉपी, बँक स्टेटमेंट आणि अर्ज घेऊन कोर्टाचा आदेश घ्यावा लागला, साडेचार महिने गेले. मावशीला तिने एफआयआर झाल्यावर स्वतःच सांगितलं, आणि कोर्टाच्या तारखेला तिच्याबरोबर मावशीच गेली.